सरकारी शाळेच्या आत वेगळी शाळा: आराखड्यात काय लिहू, काय गाळू?

पाटी_पेन्सिल

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सरकारी शाळेत शिक्षिका. गेली दोन वर्षं आम्ही तिघं शिक्षक शाळा सुटल्यावर बसून एक खूळ डोक्यात घोळवतोय. याच शाळेत, याच इमारतीत एक छोटी वेगळी शाळा. तिसरी ते सहावीची साठ मुलं, इयत्ता मिसळलेल्या, अर्धा दिवस प्रकल्प आणि उरलेल्या वेळात भाषा-गणित ज्याच्या त्याच्या गतीने. फी नाही, वेगळा गणवेश नाही, निवडून घेतलेली हुशार मुलंही नाहीत. मुख्याध्यापक अनुकूल आहेत. वरच्या कार्यालयातून तोंडी निरोप आलाय: "लेखी आराखडा द्या, बघू."

ते "बघू" ऐकलं आणि आमची पाचावर धारण बसली. कारण शिकवायचं कसं यावर आमच्याकडे चाळीस पानं तयार आहेत, आणि शाळा चालवायची कशी यावर दीड पान. त्यातलंही अर्धं उद्दिष्टांनी भरलंय.

प्रवेश कसे द्यायचे, परीक्षेचं काय करायचं, बाजूच्या वर्गांशी कसं जमवायचं, हे सांगा. आणि आराखड्यात काय लिहू नये तेही. फक्त खाजगी प्रयोगशील शाळांचे दाखले नकोत. तिथे संस्थाचालक पाठीशी असतात. मला उद्या बदलीचा कागद आला की विषय संपला.

मधली_सुट्टी

"सर्वांगीण विकास" लिहिलंत ना? तो शब्द नसेल तर फाइल आपोआप परत येते म्हणे.

पाटी_पेन्सिल

लिहिलाय. दोनदा.

गणिती_गोंधळ

प्रवेशाच्याही आधी एक प्रश्न आहे. ही शाळा कुणासाठी, हे पहिल्या पानावर स्वच्छ लिहा. नाही लिहिलंत तर ते दुसरेच कुणीतरी ठरवतील.

अमेरिकेत सरकारी व्यवस्थेतल्या पर्यायी शाळांवर मेरी अ‍ॅन रेविड यांनी बरंच काम केलंय. १९९४ मध्ये त्यांनी या शाळांचे तीन प्रकार मांडले. एक, मुलं आणि पालक आपणहून निवडतात ती. दुसरी "शेवटची संधी" प्रकारची, म्हणजे नेहमीच्या शाळेने हाकललेल्यांना पाठवायची जागा. तिसरी डागडुजीची, मूल काही काळ येतं, "दुरुस्त" होऊन परत जातं. टिकाऊ काम पहिल्या प्रकारात होतं असं त्यांचं निरीक्षण. दुसऱ्यातून फारसं हाती लागत नाही.

हे पुस्तकी वाटेल म्हणून स्वतःचं सांगतो. मी अशा एका तुकडीवर तीन वर्षं होतो. कागदावर आम्ही पहिला प्रकार होतो. दुसऱ्या आठवड्यापासून बाकीचे वर्गशिक्षक एकेकाला घेऊन यायला लागले. "ह्याला तुमच्याकडे घ्या, तुमच्याकडे काहीही चालतं." पहिलं सत्र संपेपर्यंत निम्मा वर्ग असा भरला होता. शिक्षक मन लावून शिकवणारे होते, पण आपल्याला इथे का आणलंय हे मुलांना बरोबर कळत होतं. एके सकाळी दारावर खडूने "भंगार" लिहिलेलं दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला. म्हणजे लिहिणारा आमच्यातलाच.

त्यामुळे सोडत काढा. अर्ज येतील त्यातून चिठ्ठ्या. शिक्षकाच्या शिफारशीवर प्रवेश नाही, हे ठळक अक्षरात लिहा.

वाचनवेडी

सोडतीला +१. फिलाडेल्फियात १९६९ मध्ये पार्कवे प्रोग्राम नावाची सरकारी माध्यमिक शाळा निघाली. तिला शाळेची इमारतच नव्हती. शहरातली संग्रहालयं, कार्यालयं, ग्रंथालयं हेच वर्ग. प्रवेश मात्र चिठ्ठ्या टाकून. आधीचे गुण, वागणूक काहीच बघत नसत. "निवडक मुलं घेऊन कुणीही करील" हा आरोप त्यामुळे पहिल्याच दिवशी बाद.

रिकामटेकडा

इमारत नाही म्हणजे गळकं छप्परही नाही. सरकारी शाळेचा मोठा प्रश्न सुटला.

धुळाक्षरे

सोडत चांगली, पण ती सगळं करील असं मानू नका. चिठ्ठी टाकायला आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज कोण करतो? ज्याच्या घरी नोटीस वाचली जाते तो. मोलमजुरी करणाऱ्या घरापर्यंत बातमी पोहोचेस्तोवर मुदत टळलेली असते. दारोदार जाऊन सांगणं हे आराखड्यात काम म्हणून लिहा: किती दिवस, कोण जाणार, सगळं.

उलट टोकाचंही एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने सत्तरच्या सुमाराला सरकारी व्यवस्थेत वीसहून जास्त पर्यायी शाळा काढल्या, केंद्राचा पैसा घेऊन. त्यातल्या दोन शाळा एकेका समाजाच्याच मुलांसाठी चालवलेल्या. त्या १९७३ मध्ये केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाच्या हरकतीमुळे बंद कराव्या लागल्या. त्या समाजांची बाजू समजण्यासारखी होती, आधीच्या शाळांनी त्यांना काही धड दिलं नव्हतं. पण सार्वजनिक पैशावरची शाळा दार कुणासाठी उघडं ठेवते, हा प्रश्न वेगळेपणाच्या नावाखाली टळत नाही.

निवृत्त_फाइल

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो. राग मानू नये.

अधिकारी प्रयोगाला घाबरत नाही. "ही परवानगी कोणी दिली?" असे सहा महिन्यांनी वरून विचारले जाईल, त्याला घाबरतो. तुमची चाळीस पाने तो वाचणार नाही. त्याला हवे असते ते एवढेच की नेमक्या कोणत्या नियमातून तुम्हाला सूट पाहिजे. "लवचीकता मिळावी" असे लिहू नये. लवचीकता मंजूर करता येत नाही, सूट करता येते. वेळापत्रकातून सूट, इयत्तानिहाय बैठकीतून सूट, घटक चाचणीच्या तारखांतून सूट, असे एकेक. आणि मुदत घाला. कायमची परवानगी मागितली की कायमचा नकार येतो. तीन वर्षे मागितली तर माणूस विचार तरी करतो. तीन वर्षांनी बंद करायची वेळ आली तर मुले कोणत्या वर्गात जातील, तेही तुम्हीच लिहून द्या. स्वतःच्या मरणाची सोय करून ठेवणाऱ्यावर फाइलचा विश्वास बसतो.

सूट म्हणजे काय याचे उदाहरण हवे असेल तर न्यूयॉर्कमध्ये सरकारी शाळांचा एक समूह आहे. त्यांना राज्याच्या शालान्त परीक्षांतून सूट आहे, इंग्रजीचा एक पेपर सोडून. त्याऐवजी मुले मोठे निबंध आणि प्रयोग सादर करतात, ते शिक्षक आणि बाहेरची माणसे तपासतात. परीक्षा नको असे त्यांनी म्हटलेले नाही. हिच्याऐवजी ही घेतो, असे म्हटले आहे. दोन्हींत फार अंतर आहे.

शेवटचे. एका कागदावर हा प्रश्न लिहा: "तिघांपैकी दोघांची बदली झाली तर?" त्याखाली उत्तर लिहिता आले नाही, तर आराखडा अजून तयार नाही.

पाटी_पेन्सिल

सर, राग कसला! चाळीस पानं बाजूला ठेवली. सुटींची यादी करायला घेतलीय, आताच अकरावर गेली.

निवृत्त_फाइल

चारवर आणा.

आईची_वही

मी जरा विरोधात बोलते. चालेल ना?

माझा मुलगा अशाच एका शाळेत दोन वर्षं होता. सरकारीच, खूप गाजलेली. तो आनंदात जायचा, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण दर भेटीत मी एकच विचारायचे, "याला वाचता किती येतं?" आणि उत्तर यायचं, "तो त्याच्या गतीने फुलतोय." दोन वर्षं हेच. मग घरी मीच एक गोष्ट वाचायला दिली. चित्र बघून तो सगळी गोष्ट हावभावासकट रचून सांगत होता. बोट ओळीवर फिरत होतं आणि तोंडातून भलतंच. पान उलटं धरलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला काढून साध्या वर्गात घातलं. शिक्षक वाईट नव्हते हो. त्यांना कुणी मोजायला लागलं की अपमान वाटायचा, एवढंच.

पालकांना "तुम्हाला हे कळणार नाही" असं तोंडाने कुणी म्हणत नाही. चेहऱ्यावर वाचता येतं.

वाचनवेडी

आईची_वही, तुमच्या प्रतिसादावरून लंडनच्या विल्यम टिंडेल शाळेची आठवण झाली. इस्लिंग्टनमधली सरकारी प्राथमिक शाळा. १९७४ ला नवे मुख्याध्यापक आणि काही शिक्षकांनी मुलांना काय करायचं ते निवडायची मोकळीक दिली. पालक बिथरले, पट घसरला, तपासणीला अधिकारी यायचे म्हटल्यावर शिक्षक संपावर गेले आणि जवळच वेगळी शाळा भरवून बसले! शेवटी जाहीर चौकशी झाली, १९७६ मध्ये अहवाल आला, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मला त्या शिक्षकांबद्दल सहानुभूती आहे, पण पालकांना त्यांनी अडाणी ठरवलं तिथेच डाव हरले. आणि त्या एका शाळेचं नाव काढून पुढे कितीतरी वर्षं इंग्लंडमध्ये कुठल्याही प्रयोगाला गप्प बसवता आलं.

गणिती_गोंधळ

दोन्ही प्रतिसाद जिव्हारी लागले. उपाय तसा सोपा आहे, फक्त शाळा सुरू व्हायच्या आधी करावा लागतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं वाचन आणि गणिताच्या चार क्रिया तोंडी तपासून लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा. पालकाला मुलाच्या शेजारी बसवून त्याच्यादेखत वाचून घ्या, अहवाल नंतर.

आणि सोडत काढलीत तर आणखी एक फायदा. ज्यांचा नंबर लागला नाही तीही मुलं तुमच्याच इमारतीत आहेत. त्यांचंही वाचन तपासा. अर्ज दोघांनीही केलेला, फरक फक्त चिठ्ठीचा. याहून चांगली तुलना मिळणार नाही.

तुलनेवरून: अमेरिकेत १९३० च्या दशकात तीसेक माध्यमिक शाळांना महाविद्यालयांनी प्रवेशाच्या नेहमीच्या अटींतून मोकळीक दिली आणि त्या मुलांचा पुढे पाठपुरावा केला. आठ वर्षांचा अभ्यास. १,४७५ जोड्या, प्रत्येकीत एक या शाळांचा, एक नेहमीच्या शाळेचा. प्रयोगवाली मुलं महाविद्यालयात थोडी सरसच निघाली, आणि ज्या शाळांनी जुनी चाकोरी सर्वांत जास्त सोडली होती तिथली आणखी पुढे. अहवाल आला १९४२ मध्ये. ऐन महायुद्धात. कोण वाचतंय!

रिकामटेकडा

म्हणजे पुरावा असूनही उपयोग नाही, पुराव्याची तारीखही बघावी लागते.

तिसरा_बाक

मी अशा शाळेचा माजी विद्यार्थी. इथे बहुतेक शिक्षकच दिसतायत म्हणून लिहितो.

तिथे मला प्रश्न विचारायची सवय लागली, ती अजून टिकून आहे. नोकरीत तिचे फायदे-तोटे दोन्ही भोगतोय :) आम्ही चौथीत शाळेच्या टाकीत पाणी किती येतं आणि जातं कुठे याचा महिनाभर हिशेब ठेवला होता. गळका नळ आम्हीच शोधला. आकडेवारी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो तर त्यांनी आम्हालाच प्लंबरशी बोलायला लावलं. तो प्लंबर आम्हाला अहो-जाहो करत होता, ते अजून आठवतं.

पण आठवीत नेहमीच्या शाळेत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तीन तासांचा पेपर लिहिला. उत्तरं येत होती, हात चालेना. तासाभराने बोटं वाकडी. शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले. कुणीतरी आम्हाला शेवटच्या वर्षी महिन्यातून एकदा नुसतं बसून भराभरा लिहायला लावायला हवं होतं. ते तत्त्वात बसत नव्हतं म्हणे. तत्त्वाची बोटं दुखली नाहीत, माझी दुखली.

आईची_वही

हेच! धन्यवाद तिसरा_बाक.

फळा_डस्टर

मी थेट चालवण्याबद्दल लिहितो. साडेचार वर्षं "शाळेतली शाळा" चालवली आहे. शिकवण्याच्या पद्धतीवरून आमचं कधीच भांडण झालं नाही. झाली ती हजेरीपट, घंटा आणि भिंत या तीन गोष्टींवरून.

हजेरीपट इयत्तेप्रमाणे, मुलं गटाप्रमाणे. पाच गट, चार इयत्ता. रोज सकाळी प्रत्येक गटात चार हजेरीपट फिरायचे आणि साडेअकरापर्यंत एक तरी हरवलेला असायचा. शेवटी पहिली दहा मिनिटं मुलांना इयत्तेप्रमाणे बसवायला लागलो, हजेरी झाली की गटात. एवढी साधी गोष्ट सुचायला आम्हाला एक वर्ष लागलं.

भिंत म्हणजे शेजारचा वर्ग. आमच्याकडे मुलं बोलत काम करणार, तिकडे शुद्धलेखन चालू. शेरेबहीत आमच्याविरुद्ध लेखी तक्रार झाली. आम्ही त्यांना जुनाट म्हणालो, ते आम्हाला लाडावलेले म्हणाले. खरं तर त्यांच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि आमच्याकडे तीस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही शेरा मारला असता.

आणि घंटा. दर पस्तीस मिनिटांनी सगळ्या इमारतीत वाजणार. आमचा प्रकल्प दोन तासांचा. पहिल्या महिन्यात मुलं दचकून वह्या आवरायची. मग हळूहळू त्यांनी घंटा ऐकणंच सोडलं, आम्हाला कोण अभिमान! वर्षअखेरीला आग लागल्यावर बाहेर पडायची रंगीत तालीम झाली. घंटा वाजली, सगळी शाळा तीन मिनिटांत मैदानात. आमची मुलं आत बसून पुठ्ठ्याचा पूल चिकटवतायत. अग्निशमन दलाचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "ही जळालेली समजायची का?"

मधली_सुट्टी

ही जळालेली समजायची का =)) आज ऑफिसात सगळे माझ्याकडे बघतायत.

वाचनवेडी

हसून झाल्यावर: एका इमारतीत अनेक शाळा हे न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये मोठ्या प्रमाणावर झालंय. डेबोरा मायर यांनी १९७४ मध्ये सेंट्रल पार्क ईस्ट सुरू केली तीही दुसऱ्या एका शाळेच्या इमारतीत. पुढे त्या भागाने "इमारत म्हणजे शाळा" हे समीकरणच सोडलं. एका छपराखाली वेगवेगळ्या छोट्या शाळा, प्रत्येकीचा प्रमुख वेगळा. तेव्हा पाटी_पेन्सिल, जिना, मैदान, घंटा, किल्ल्या कुणाकडे हे आत्ताच लेखी करा.

धुळाक्षरे

सगळी उदाहरणं परदेशी निघाली, म्हणून आपल्याकडचं सर्वांत मोठं सांगतो. होशंगाबाद विज्ञान, म्हणजे विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीला सुरू झालं, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने केलेलं. १९७८ मध्ये जिल्हाभर, नंतर इतर जिल्ह्यांत. मुलं गटाने प्रयोग करून निष्कर्ष वहीत लिहिणार, तयार उत्तरं पुस्तकात नाहीतच. शिक्षकांची मासिक बैठक. मुलांना पडलेले प्रश्न "सवालीराम" नावाच्या काल्पनिक माणसाला पत्राने पाठवायचे आणि त्याच्या नावाने उत्तर यायचं.

पण मला थोर वाटतं ते परीक्षेचं. आठवीच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर पुस्तक-वही उघडून लिहायचा, आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. सरकारी परीक्षा, सरकारी गुणपत्रिका. त्यांनी परीक्षेला वळसा घातला नाही, परीक्षाच बदलून घेतली. शिकवणं बदलून परीक्षा जुनीच ठेवली की शेवटच्या वर्षी शिक्षक आणि मूल दोघंही गाइडकडे वळतात, कितीही तत्त्वं सांगा.

तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये सरकारच्या निर्णयाने बंद.

गणिती_गोंधळ

मग यातून काय घ्यायचं? उत्तम परीक्षा, उत्तम शिक्षक-प्रशिक्षण, तरी एका आदेशाने गेलंच ना? त्यापेक्षा चेन्नईचा मार्ग बरा. महापालिकेच्या मोजक्या शाळांत २००३ ला कृतिआधारित पद्धत आणली, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतल्या शिड्या आणि कार्डांवरून घेतलेली. शिडी म्हणजे एका विषयाच्या क्रमाने पायऱ्या, प्रत्येक पायरीला कृतीचं कार्ड, मूल आपल्या गतीने चढणार. काही वर्षांत राज्यभर. मुलं चटईवर, भिंतीला खाली मुलांच्या उंचीचे फळे. आदेशाने जाणार असेल तर आदेशानेच येऊ दे की!

फळा_डस्टर

कार्डांबद्दल बोलू नका, जखम ताजी आहे. आमच्याकडेही कार्डं होती. वजाबाकीच्या शिडीतलं चौदा नंबरचं कार्ड हरवलं. नवं येईना, कारण संच पूर्ण असल्याची सही आधीच झालेली. नऊ मुलं तेराव्या पायरीवर अडकली. त्यातल्या एकीने शेवटी स्वतः चौदावं कार्ड लिहिलं, पुठ्ठ्यावर, कोपऱ्यात चिमणी काढून. माझ्या मते आमच्या साडेचार वर्षांतलं ते सर्वांत उत्तम कार्ड. डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत मात्र अजून तेराच.

गंमत बाजूला ठेवून: आदेशाने आलेलं कार्ड शिक्षकाला बदलता येत नसेल तर ते पाठ्यपुस्तकच, फक्त सुटी पानं.

धुळाक्षरे

गणिती_गोंधळ, तीस वर्षं म्हणजे अपयश असं म्हणायचं असेल तर नेहमीच्या शाळेच्या कुठल्या योजनेला तीस वर्षं मिळाली ते सांगा. आणि मधला मार्गही आहे. कोलंबियातली एस्कुएला नुएवा, १९७० च्या दशकात खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांतून आली. मुलांसाठी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका, वरच्या वर्गात जायची मुभा मूल तयार होईल तेव्हा, आणि नव्या शिक्षकाने आधी चालू शाळेत जाऊन बघायचं. हजारो सरकारी शाळांत पोहोचली. म्हणजे शिक्षकाकडून शिक्षकाकडे आणि आदेशानेही.

रिकामटेकडा

अवांतर: सवालीरामचा पत्ता मिळेल का? माझेही बरेच प्रश्न आहेत.

मधली_सुट्टी

तुमचे प्रश्न वाचून तो निवृत्ती घेईल.

तिसरा_बाक

पोर्तुगालच्या एस्कोला दा पोंतेबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? सरकारी शाळा, १९७६ पासून. इयत्ता नाहीत. भिंतीवर दोन याद्या: "मला मदत हवी" आणि "मी मदत करू शकतो". मुलं आपापलं नाव लिहितात. पाटी_पेन्सिल, यासाठी कुठलीच सूट लागणार नाही, उद्यापासून करता येईल. शिक्षकांचीही नावं लिहा.

निवृत्त_फाइल

चर्चा उत्तम चालली आहे, पण मूळ प्रश्न बदलीचा होता. कोणीच उत्तर दिलेले नाही.

फळा_डस्टर

सर, माझी बदली झाली तेव्हा काय झालं ते सांगतो, म्हणजे कोणी उत्तर का देत नाही ते कळेल. माझ्या जागी आलेला शिक्षक हुशार होता. कोणता गट कशासाठी, मोठ्या वहीत काय, हे सांगायला मला अर्धा दिवस मिळाला. पंधरा दिवसांनी गेलो तर बाक परत आले होते आणि चटया गुंडाळून कपाटावर. त्याने मोडलं नाही हो, त्याला माहीत होतं ते केलं. आम्ही साडेचार वर्षांत पाहुण्यांना शंभर वेळा शाळा दाखवली. शेजारच्या वर्गातल्या एकाही शिक्षकाला आठवडाभर आत येऊन शिकवायला बोलावलं नव्हतं.

पाटी_पेन्सिल

तीन आठवड्यांनी परत आलेय.

आराखडा नऊ पानांचा झाला. सूट चार नियमांतून. (सर, पाचवी फार जवळची होती, काढली.) सोडत, दारोदार जायचे सहा दिवस, पहिल्या आठवड्याची वाचन-तपासणी, नंबर न लागलेल्यांचीसुद्धा. सहावीला महिन्यातून एकदा हात दुखेपर्यंत लेखन. आठवड्याला आम्हा तिघांची दोन तासांची बैठक वेळापत्रकात, शाळा सुटल्यावर नाही. तीन वर्षांनी बंद पडल्यास मुलं कुठे, तेही आहे. "सर्वांगीण विकास" एकदाच ठेवलाय.

फाइल काल परत आली. नकार नाही. समासात पेन्सिलीने एकच ओळ: "बदली झाल्यास पुढे कोण? नाव द्यावे."

नाव एकच सुचतंय. आमच्या प्रकल्पाच्या तासाला आवाज होतो म्हणून गेल्या वर्षी ज्यांनी माझ्याविरुद्ध शेरेबहीत लिहिलं, त्या शेजारच्या वर्गाच्या बाई. अक्षर सुंदर, शिस्त कडक, आणि त्यांच्या वर्गातलं एकही मूल वाचायचं राहिलेलं नसतं. उद्या मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे जाणार आहे.

फळा_डस्टर

जा. आवाजाची माफी आधी मागा, नाव नंतर काढा.